शुक्रवारच्या दुपारचा आलेख

ते प्रकरण मनात आले की आजही मान थोडी खाली जाते. सेवेतल्या मोठ्या गुन्ह्यांचे तपशील पुसट झाले. हा साधा चौकशी अर्ज मात्र विसरता आलेला नाही. नावे कोणाचीही देत नाही. चुकीचा मालक तेवढा सांगतो. तो मी आहे.

मी तेव्हा रत्नागिरीत पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. मिरकरवाडा बंदरातील एक तांडेल, म्हणजे नौकेचा प्रमुख, लेखी अर्ज घेऊन आला. वादळी वाऱ्याचा इशारा मच्छीमार संस्थेच्या कार्यालयात संगणकावर येतो आणि तिथला कारकून तो भोंग्यावरून वाचून दाखवतो. त्या शुक्रवारी तो वाचलाच गेला नाही. नौका बाहेर पडल्या. बाकीच्यांना नंतर वायरलेसवर निरोप मिळाला आणि त्या परतल्या. या तांडेलाचा वायरलेस बिघडलेला होता. त्याचा एक खलाशी समुद्रात फेकला गेला आणि दुसऱ्या नौकेने त्याला कसाबसा उचलले.

"पोरगा मेला असता तर मी त्याच्या घरी काय तोंड दाखवलं असतं, साहेब?" तांडेल म्हणाला. "त्या कारकुनाला सोडू नका."

दोनच दिवसांत बंदरावरच्या आमच्या खबऱ्याने माहिती आणली. संस्थेचे इंटरनेट महिना संपण्याआधीच संपते. कोणीतरी सिनेमे बघते. दिवसभर त्या खोलीत कारकुनाशिवाय दुसरे असते कोण? संस्थेच्या अध्यक्षांनी सेवा देणाऱ्या कंपनीचा कागद दाखवला. वापराचा आकडा खरोखरच प्रचंड होता. माझ्या दृष्टीने तपास तिथेच पूर्ण झाला.

मासळीचा लिलाव भरात असताना मी त्याला जीपमध्ये बसवून आणले. समन्स पाठवून बोलावता आले असते. तो माझ्याच वयाचा होता, तरी मी त्याला अरेतुरे केले.

"शुक्रवारी दुपारी काय करत होतास?"

"इशाऱ्याचं पान उघडायची वाट बघत होतो, साहेब. चाक नुसतं फिरत होतं."

"आणि तू सिनेमा बघत होतास."

"नाही."

"पासवर्ड आणखी कोणाकडे आहे?"

यावर तो गप्प झाला. सेवेत मी हजारो माणसांची मौने पाहिली होती, आणि हे मौन मी कबुली समजलो. जबाब अपुरा ठेवून त्याला दोन दिवस सकाळ-संध्याकाळ ठाण्याच्या बाकावर बसवले. बंदरावरची माणसे कामासाठी येत, त्याच्याकडे बघत आणि जात. तिकडे अध्यक्षांनी त्याला कामावरून काढण्याचे पत्र तयार ठेवले होते. ते फक्त माझ्या अहवालासाठी थांबले होते.

गुन्ह्यांची संगणकीय नोंद करणाऱ्या आमच्या महिला अंमलदार तिसऱ्या दिवशी कंपनीचा तो कागद घेऊन आत आल्या.

"सर, हा आकडा पाण्याच्या मीटरसारखा आहे. घरात किती पाणी आलं ते कळतं. बादली कोणी भरली ते नाही कळत."

"मग ते कसं कळणार?"

"लाइनवर पाळत ठेवणारं साधन लावावं लागेल. पण कोणतं, ते आधी ठरवू या."

त्यांनी तीन पर्याय मांडले. कंपनीचे स्वतःचे अॅप केवळ एकूण वापर दाखवत होते. दुसरे महागडे यंत्र एक विक्रेता नमुना म्हणून लावून द्यायला तयार होता. त्यात कोण कोणती साइट उघडतो, काय बघतो, सारे दिसले असते. मला अर्थातच तेच हवे होते. तिसरा होता एक मोफत प्रोग्रॅम. तो जुन्या संगणकावर चालतो, कोणते उपकरण केव्हा आणि किती वापरते एवढेच दाखवतो, आणि प्रत्येकाला मर्यादा घालू देतो.

"सर, आपल्याला कोण, केव्हा आणि किती एवढंच हवंय. लोक काय बघतात ते आपल्याला कशाला? आणि नुसतं बघून लाइन मोकळी होत नाही. हात आखडता घ्यायला लावणारं साधन हवं."

त्यांनी ते आधी आमच्याच ठाण्यात लावून पाहिले. संध्याकाळी यादी समोर ठेवली. सर्वांत वर माझ्या केबिनचा संगणक होता. बातम्यांचे चॅनेल दिवसभर चालू राहिले होते.

"बसवू का सर तुम्हाला पण बाकावर?" त्यांनी चेहरा सरळ ठेवून विचारले. मी हसलो; पण ते हसू खरे नव्हते.

संस्थेची लेखी संमती घेऊन, दारावर तशी सूचना लावून, ते साधन बसवले. पुढचा शुक्रवार आला. आपल्याकडे शुक्रवारी बऱ्याच नौका बंदरात असतात आणि दुपारच्या नमाजानंतर समुद्रावर निघतात. सकाळी अकरापर्यंत आलेख शांत होता. त्यानंतर एकेक फोन जोडला जाऊ लागला आणि बारा वाजेतो चाळीस झाले. कार्यालयाच्या संगणकाची रेघ दोऱ्याएवढी उरली. अंमलदार संस्थेच्या कार्यालयाच्या मागच्या दाराने बाहेर गेल्या. जाळी विणण्याच्या शेडमध्ये खलाशी भिंतीला टेकून ओळीने बसले होते. समुद्रात रेंज नसते, म्हणून पुढच्या आठ दिवसांचे सिनेमे ते फोनमध्ये भरून घेत होते.

मी कारकुनाला पुन्हा बोलावले. या वेळी खुर्चीवर.

"पासवर्ड मीच दिला, साहेब," तो म्हणाला. "पोरं लांबून आलेली. शुक्रवारीच काय ती फोनवर घरच्यांची तोंडं बघतात. सिनेमांचं मला ठाऊक नव्हतं. त्यांचं नाव घेतलं असतं तर तुम्ही ते बंदच केलं असतंत."

खरेच केले असते.

तांडेलाला आलेख दाखवला. "सिनेमा मी पण भरून घेतला होता, साहेब," तो हळूच म्हणाला आणि अर्ज मागे घेण्यासाठी कागद मागितला.

अंमलदारांनी मर्यादा ठरवल्या. कार्यालयाच्या संगणकाचा हक्क पहिला. खलाशांच्या फोनना बारीक वाटा. त्यात घरच्यांचा चेहरा दिसेल, पण सिनेमा उतरणार नाही. त्यानंतर इशाऱ्याचे पान अडल्याची तक्रार माझ्या बदलीपर्यंत आली नाही.

मी कारकुनाला निर्दोष ठरवणारा अहवाल पाठवला आणि अध्यक्षांनी ते पत्र फाडले. तरीही मला चैन पडेना. मी गणवेशात त्याच्या घरी गेलो. त्याची म्हातारी आई ओटीवर कोकमाची सोले वाळत घालत होती. चूक माझी होती, असे मी तिला सांगितले.

ती मान वर न करता म्हणाली, "मला कशाला सांगताव? माझा पोर मला ठावंक हाय. ज्यांनी गाडीत बसताना बघितलानी, त्यांना जाऊन सांगा."

दुसऱ्या दिवशी लिलावाच्या वेळी मी बंदरावर गेलो आणि सर्वांसमोर त्याची माफी मागितली. चार वाक्ये होती. एवढी जड चार वाक्ये मी आयुष्यात उच्चारलेली नाहीत. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मिनिटभर थांबून लिलाव पुढे सुरू झाला. कारकून टोपल्यांमागून आला आणि हात जोडून म्हणाला, "या साहेब, चहा घेऊ."

अधिकार हातात असला की सर्व काही पाहण्याचा मोह होतो. आवश्यक तेवढेच पाहावे, पण ते नीट पाहावे, हे मला माझ्या हाताखालच्या अंमलदारांनी शिकवले. उशिरा शिकलो. बाकावरच्या त्या दोन दिवसांची भरपाई अजून झालेली नाही.