सपाट धाबं

मातीचं घर पडतं ते सांगून पडतं. आधी भिंत झरायला लागते, जात्यातून पीठ गळावं तशी बारीक सरसर होते, आणि ऐकणारा घरात जागा असला तर त्याला उठून बाहेर पडायला वेळ मिळतो. भगवंत मिस्त्री त्या वेळी घरात नव्हता. सिल्वासाजवळ खडोलीच्या एका सुताच्या कंपनीत दुसऱ्या पाळीला उभा होता. घरात त्याची बायको सरुबाई होती, तापानं झोपलेली. ही गोष्ट चौऱ्याऐंशीच्या जुलैची. आणि जी सरसर त्यानं ऐकलीच नव्हती, ती पुढं बारा वर्षं त्याच्या कानात होत राहिली.

मशीनच्या धडधडीतसुद्धा त्याला ती ऐकू यायची. सिल्वासातल्या चाळीत, चांगल्या सिमेंटच्या खोलीत, जेवता जेवता उठायचा आणि भिंतीला तळहात लावून उभा राहायचा. शेजारीपाजारी म्हणायचे, मिस्त्री कामातून गेला. म्हणू देत. ज्याचं जळतं त्याला कळतं, बाकीच्यांचं काय जातंय बोलायला.

माणूस मूळचा धुळ्याकडचा, शिंदखेड्याच्या बाजूचा. तिकडं कच्च्या विटांच्या भिंती आणि वर धाबं, म्हणजे लाकडांवर खाऱ्या मातीचा जाड थर देऊन केलेलं सपाट छप्पर. त्यावर मिरच्या वाळवा, उन्हाळ्यात झोपा. आजा जातो, धाबं राहतं. पाऊस मुळात पडतोच किती तिकडं! सिल्वासाला कंपनीत लागल्यावर भगवंताला हौस आली, की आपलं घर आपल्या गावासारखं बांधायचं. नवरा-बायकोनं मिळून विटांच्या मातीचा गारा तुडवला, एकमेकांचे खांदे धरून. पण इथलं आभाळ म्हणजे चार महिने फुटकी घागर. इथले वारली कुडाच्या घरालाही उतरतं छप्पर देतात, ते काय खुळे म्हणून? सरुबाईनं ते पाहिलं. म्हणालीही, "अहो, इथल्यासारखा उतार द्या." हा म्हणाला, "माझा बाप मिस्त्री, आजा मिस्त्री, आणि तू मला घर शिकवतेस?" पालथ्या घड्यावर पाणी. तिनं पुन्हा विषय काढला नाही.

दहाव्याला तिचा भाऊ गोकुळ गावाहून आला. त्याला भगवंतानं सांगितलं, ओढ्याचं पाणी घरात शिरलं. गोकुळनं मान डोलावली. पुढं दुष्काळात तोही सिल्वासाला कामाला आला, मेहुण्याच्याच खोलीत राहिला, आणि दोघांत सरुबाईचा विषय म्हणून कधी निघाला नाही.

मग सत्त्याण्णवच्या जानेवारीत पुण्याची कल्पनाताई आली. आर्किटेक्ट बाई, मातीच्या बांधकामाचं वेड घेतलेली. जवळच्या सुरंगी गावात बालवाडी बांधायची होती, कच्च्या विटांची, आणि विटा पाडणारा जुना हात तिला हवा होता. भगवंत तीनदा नाही म्हणाला. चौथ्यांदा तिनं मातीचा गोळाच त्याच्या हातात ठेवला. त्यानं तो चोळला, वास घेतला आणि म्हणाला, "यात भुसा कमी आहे." झालं, अडकला.

गोकुळला घेऊन त्यानं गारा तुडवला. तुडवताना त्याच्या डाव्या खांद्यावर वजन यायचं, बाईमाणसाच्या हाताएवढं. गोकुळ चांगला पाच हात लांब असायचा. भगवंतानं खांदा झटकला नाही. त्याला भीती वाटायची, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटायचं.

भिंती उठल्या, सुरेख उठल्या. तेव्हा कल्पनाताईनं छपराचा कागद उलगडला. सपाट धाबं! धुळ्याकडं हिंडून बाईनं फोटो काढून आणले होते. म्हणाली, "दादा, हे तुमचंच आहे. तुमच्या वाडवडलांचं." पोरं बसायच्या जागी तिनं कागदावर छोटे छोटे गोल काढले होते, तीस.

भगवंताला सरसर ऐकू आली. भिंत नवी, अजून लिंपलेलीही नव्हती, तिच्यातून काय झरणार? पण आली. गोकुळ शेजारीच विटा रचत होता. बोलायचं तर त्याच्यासमोर बोलावं लागणार, आणि न बोलावं तर जून काही लांब नव्हता.

"ताई, इथं धाबं चालत नाही," तो म्हणाला.

"का? तिकडं तर शंभर वर्षांची घरं पाहिली मी."

"इथं मी बांधलं होतं. खडोलीला. पहिल्याच पावसाळ्यात धाबं पाणी प्यायलं आणि भिंतीसकट खाली बसलं. माझी बायको होती आत. ओढा नाही आला, पूर नाही आला. उतार द्या म्हणून तिनं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

गोकुळकडं बघायची भगवंताची हिंमत नव्हती. आता हा डोक्यात फावडं घालतो, आणि घातलं तर बरंच होईल, असं त्याला मनापासून वाटलं.

गोकुळनं हातातली वीट खाली ठेवली.

"मला ठाऊक होतं, दाजी," तो म्हणाला. "आक्कानं मे महिन्यात पत्र धाडलं होतं. हे माझं ऐकत नाहीत, तू येऊन सांग, तुझं ऐकतील." त्यानं मातीचा हात तोंडावरून फिरवला. "मी म्हटलं, पेरणी उरकली की जातो."