मुलुंडमध्ये न झालेलं संशोधन

आमचे सर माणसाचं नाव विसरत, पण त्याच्या चेहऱ्याची रुंदी विसरत नसत. मुलुंडच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी हाडांच्या विभागात रेसिडेंट म्हणून रुजू झाले, त्या सकाळी 'बस' म्हणायच्या आधीच त्यांनी खिशातून मापं घ्यायचा कॅलिपर काढला आणि त्याची थंडगार टोकं माझ्या गालांच्या हाडांवर टेकवली. "रुंद," ते म्हणाले. "कोकणातली का?" मी सोलापूरची. "मग आई कोकणातली असणार." आईही सोलापूरचीच, पण सरांच्या आकड्यांपुढे माझ्या आईचं काय चालणार! 'कॅलिपर सर' हे नाव त्यांना आधीच्या कुठल्या तरी बॅचनं ठेवलं होतं. ते त्यांना माहीत होतं, आणि आवडायचंही, असा माझा संशय आहे.

डॉक्टर म्हणून सर चांगले होते, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मोकळेपणानं बोलता येईल. मोडलेलं मनगट ते असं बसवायचे की पेशंटला नंतर कुठला हात मोडला होता तेही आठवू नये. पण हाडं बसवून नाव छापून येत नाही, आणि सरांना छापून यायचं होतं. सकाळी ओपीडीच्या आधी ते परदेशी नियतकालिकं चाळत आणि एखादा विषय भावला की टेबलावर थाप मारत, "हे मुलुंडमध्ये झालेलं नाही!" दुसऱ्यानं शोधलेलं आपल्या स्टेशनाजवळ पुन्हा शोधणं, हेच त्यांच्या लेखी संशोधन.

इराणमध्ये कुणी तरी तिथल्या लोकांचे चेहरे मोजून त्यांचे गोल, मध्यम, लांबट असे प्रकार पाडले होते. झालं! वॉचमन, रिक्षावाले, पेशंटचे नातेवाईक, कुणाचीच सुटका नव्हती. आयसीयूबाहेर एक आजोबा रडत बसले होते. त्यांनी डोळे पुसेपर्यंत सर अदबीनं थांबले. मग मोजलं.

तुलनेसाठी खरे इराणी हवेत म्हणून ते मला घेऊन अंधेरीच्या एका इराणी हॉटेलात गेले. गल्ल्यावरच्या मालकाचे आजोबा म्हणे तिकडून आलेले. "चेहरा मोज ना डॉक्टर," मालक म्हणाला, "पण पहिला चाय मागव." सरांनी चहा मागवला, मापं घेतली आणि 'गोल' असं जाहीर केलं. मालक खदखदून हसला. "माझा बाप लांब होता. मी मस्का खाऊन गोल झालो. ते पण लिही!" "हे हाडाचं माप आहे, चरबीचं नाही," सर दुखावून म्हणाले. परतीच्या रिक्षात ते कुणाशीच बोलले नाहीत. म्हणजे माझ्याशी.

चेहऱ्यांचा पेपर कसाबसा छापून आला आणि सर दुसऱ्या विषयाकडे वळले. काही माणसांना गव्हातलं ग्लुटेन सोसत नाही. आतडं बिघडतं, कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडं ठिसूळ होतात. याला सिलियाक म्हणतात. ठिसूळ हाडांच्या पेशंटमध्ये हा आजार शोधायचा, असं काम इराणमध्ये झालं होतं. मुलुंडमध्ये नव्हतं. म्हणून आमच्या ओपीडीतल्या प्रत्येक वाकलेल्या बाईमागे सर रक्तासाठी लागले. भांडुपच्या एक मालवणी आजी म्हणाल्या, "आमी भाताची माणसां रे बाबा. चपाती पावणो इलो तरच." "आजी, निगेटिव्ह आलात तरी चालेल, पण या," सर म्हणाले.

सगळ्याच निगेटिव्ह येत गेल्या. बायका निरोगी निघाल्याचं एवढं दुःख झालेला डॉक्टर मी दुसरा पाहिला नाही.

सरांच्या बायकोला, काकूंना, मी दोनचारदा भेटले होते. काटकुळ्या, फिकट, सारखी पाठ धरून बसणाऱ्या. एकदा मी धीर करून विचारलं, "सर, काकूंची टेस्ट करू या का?" सर चमकले. "तिची कशाला? ती माझी बायको आहे, पेशंट नाही."

सर चेहऱ्यांवर भाषण द्यायला दिल्लीला गेले असताना काकू घरातल्या पायपुसण्याला अडखळल्या आणि मनगट मोडून माझ्यासमोर आल्या. एवढ्याशा पडण्यानं हाड मोडायला नको होतं. प्लास्टर घालता घालता मी संशोधनातले ठरलेले प्रश्न विचारले.

"पोटाचा त्रास?"

"लग्नाच्या आधीपासून आहे गं. चपाती खाल्ली की फुगतं, मग धावाधाव."

"सरांना नाही सांगितलंत?"

"सांगितलं ना. म्हणाले, चावून खात जा."

मी त्यांची परवानगी घेऊन रक्त पाठवलं. नमुन्यांवर नाव नसायचं, नुसता क्रमांक. त्यामुळे सर परतल्यावर लॅबचा फोन आला तेव्हा ते खुर्चीतून उठलेच. "आली! पॉझिटिव्ह आली! पेढे मागव! कोण आहे गं ती? बोलाव तिला."

"सर, काकू आहेत."

ते उभेच राहिले. हातातला रिसीव्हर खाली ठेवायचं त्यांना सुचेना. म्हणाले, "मला बोलली नाही ती."

"बोलल्या होत्या म्हणाल्या."

मग आतड्याची तपासणी झाली, आजार पक्का झाला, गहू बंद झाला. प्लास्टर निघाल्यावर मनगट बघायला मी त्यांच्या घरी गेले, तर सर ओट्याशी तांदळाची उकड मळत होते, कोपरापर्यंत पीठ. हिंगात गव्हाचं पीठ असतं कळल्यापासून त्यांनी घरातला हिंगही फेकला होता. "तासातासाला विचारतात, पोट कसं आहे, पोट कसं आहे," काकू म्हणाल्या. "आधीच बरं होतं बाई." पण त्यांच्या गालांवर रंग आला होता.

"सर, पेपरचं काय?" मी विचारलं.

"एकच केस. तीही घरची. कोण छापणार?"

"छापा की," काकू म्हणाल्या. "लिहा, डॉक्टरांच्या पानासमोर बसून जेवत होती, तरी सापडली नाही."

सर तव्यावरची भाकरी उलटायला गेले आणि ती मोडली.

तो पेपर कधीच छापून आला नाही. सर निवृत्त झाले त्या दिवशी शेवटच्या पेशंट म्हणून कांजूरमार्गच्या एक बाई हात गळ्यात बांधून आल्या. बाहेर निरोप समारंभाची मंडळी जमली होती. सरांनी एक्स-रे पाहिला, बाजूला ठेवला आणि विचारलं, "मावशी, पोट कसं असतं?"

"डॉक्टर, हात मोडलाय माझा."

"ते दिसतंय. पोटाचं सांगा."

मावशींनी खुर्ची पुढे ओढली आणि सुरुवात केली ती थेट पहिल्या बाळंतपणापासून. सून, सासू, गावचं पाणी, सगळं आलं. दोनदा कुणी तरी दार ढकलून सरांना बोलवायला आलं. सरांनी हातानंच त्यांना परत पाठवलं. बाहेर सामोसे गार झाले. सर ऐकत होते.