तीन अक्षरांची बाटली

सुनेच्या तोंडाला फेस आला होता आणि डॉक्टर ओरडत होते, "औषधाचं नाव सांगा, लवकर!" डाळिंबावर फवारताना तिला विषबाधा झाली होती. बाटली मी सोबत आणली होती, पण फवारणी झाली की बाटली पाटात विसळायची आमची खोड. लेबल जवळजवळ सगळं निघून गेलं होतं. क्यू, यू, आय एवढीच इंग्रजी अक्षरं उरली होती.

मी दवाखान्यासमोरच्या कृषी सेवा केंद्रात गेले. दुकानदार चाचा म्हणाले, "आक्का, तीन अक्षरांवर काय कळणार? हितं शंभर बाटल्या हायत."

"मग तुमी गप बसा. मी बघते."

माझं शिक्षण चौथी. इंग्रजीची अक्षरं तेवढी नातीनं शिकवलेली. पण डाळिंबं निवडून नजर बसली होती. एका बाटलीवर तिन्ही अक्षरं सापडली, पण विखुरलेली. दुसरीवर ती ओळीनं होती, नावाच्या सुरुवातीलाच. चाचांनी नाव वाचलं आणि मी ती बाटली घेऊन डॉक्टरांकडं पळाले.

तेव्हापासून मी खताच्या पोत्यावर, बिस्किटाच्या पुड्यावर क्यू शोधते. तो फार कमी सापडतो, आणि सापडला की बहुतेक वेळा त्याच्यामागं यू असतोच. असं का, ते अजून कोणी नीट सांगितलेलं नाही.

"आत्या, घावला का तुमचा क्यू?" असं घरात एकजण रोज चिडवते. ती माझी सून. ती वाचली.