उसन्या नावाचा खेळाडू

पाच देशांत फुटबॉल खेळून आपल्याच गल्लीत अनोळखी राहण्याचा पराक्रम अख्ख्या नागपुरात फक्त माझ्या मोठ्या मामांनी केला आहे, आणि त्याची लाज त्यांना नव्हे, नागपूरला वाटली पाहिजे. रंगून, कोलंबो, नैरोबी, बहारिन, मस्कत! मामा तिकडे जात ते मजूर म्हणून. पण कंपन्यांच्या सामन्यांत कायम नोकरीतलेच खेळाडू चालत. त्यातला कुणी जायबंदी झाला की त्याच्या नावावर मामा गुपचूप मैदानात उतरत. म्हणून रंगूनला ते पीटर होते, नैरोबीत करीम. अजूनही नागपूरजवळच्या वाडीत गोदामापुढे हमाली करताना कुणी "अरे पीटर!" ओरडलं, तर मामा पाठीवरच्या पोत्यासकट वळतात. एकदा एका ट्रकवाल्याने क्लीनरला "करीम, पाना दे" म्हटलं आणि मामांनी पाना नेऊन दिला. मामी शेजारणीला सांगते, "माह्यं लगन नेमकं कोनासंगं झालं वं बाई, मलेच समजून नाही राहिलं." रस्त्याने सरळ चालणं तर त्यांना ठाऊकच नाही. समोर म्हैस येवो की व्याही, उजवीकडे झुकल्यासारखं दाखवून डावीकडून निघतात. व्याही अजून रुसलेले आहेत.

मला मात्र संताप येई. आमच्या घराने दीक्षा घेतली ती ताठ मानेने, स्वतःच्या नावाने जगायला. आणि हा माणूस जगभर दुसऱ्यांची नावं मोठी करत फिरला! मी एकदा तोंडावर विचारलं, तर म्हणाले, "बॉलले कुठं नाव समजते गा?"

मग एका सरकारी मैदानावर प्रशिक्षकाची जागा निघाली. वयाच्या अटीत बसण्याचं मामांचं ते शेवटचं वर्ष, आणि गुडघा असा की पोतं उचललं की कडकड वाजे. ही जागा हुकली तर मरेपर्यंत हमाली. अर्ज मी लिहिला. वर 'जाहीर जाब' असं ठणकावून घातलं होतं. मामांनी ते खोडून 'विनंती अर्ज' केलं. वयाखेरीज अट एकच होती, परदेशी खेळल्याचं प्रमाणपत्र हवं. मामांच्या ट्रंकेत पाच होती. पाचही दुसऱ्यांच्या नावांची.

मुलाखतीला मी बळेच शेजारी बसलो. साहेबांनी कागद उलटसुलट केले. शेवटी बाजूच्या बाबूला दया आली. मस्कतच्या कागदावर बोट ठेवून तो हळूच म्हणाला, "यावर आडनाव तुमचंच आहे, नावाचं पहिलं अक्षरही जुळतंय. तुमचाच ना हा?"

साहेब पेन उघडून थांबले. मी मामांच्या बरगडीत कोपर खुपसलं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. मामांनी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नाही साहेब," मामा म्हणाले. "हा कुही गावचा पोट्टा. पाय मोडून खाटेवर होता. त्याची नोकरी जाऊ नये म्हनून मी खेळलो. ही त्याची अमानत हाये."

साहेबांनी पेन मिटलं.

बाहेर येऊन मी भर रस्त्यात ओरडलो, "मामाजी, एक शब्द! एका शब्दानं जन्म सुधरला असता!"

"माहा सुधरला असता," मामा म्हणाले. "आता कुहीची गाडी भेटन का, पाहून घे. त्याचा कागद देऊन येऊ. त्यालेबी या जागेसाठी अर्ज कराचा असन."

आम्ही खरंच कुहीला गेलो.

मामा पुन्हा पोत्यांखाली गेले. मी निषेधाची पत्रकं काढली, भिंती रंगवल्या; कार्यालय ढिम्म हललं नाही. शेवटी वस्तीच्या मैदानावर आम्हीच सामने भरवले आणि मामांना न सांगता त्यांना पाहुणे ठरवलं. ते येऊन मागच्या रांगेत बसले. मी भोंगा तोंडाशी धरला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं खरं नाव, बापाच्या नावासकट, आडनावासकट, मैदानावर पुकारलं. वस्तीने टाळ्यांचा कडकडाट केला.

मामाही टाळ्या वाजवत होते. मान वळवून बघत होते, कोण उठतंय ते.