सकाळीच अडणाऱ्या रायफली

ती घटना मला आजही धुक्यासकटच आठवते. रोह्याजवळ डोंगराच्या पायथ्याशी आमच्या पोलीस ठाण्याचा वार्षिक गोळीबार सराव चालू होता. जानेवारीतली सकाळ. कुंडलिका नदीवरून धुकं सरकत यायचं, समोरची निशाणं दिसायची, पुसली जायची, पुन्हा उगवायची. अशा वेळी मोठ्याने हुकूम देणं माझ्या अगदी जिवावर येई.

आमच्याकडे एसएलआर रायफली होत्या. घोडा दाबला की एक गोळी सुटते आणि मॅगझिनमधली, म्हणजे गोळ्यांच्या पेटीतली, स्प्रिंग पुढची गोळी आपोआप वर ढकलते. सावकाश नेम धरला की सगळं सुरळीत. ‘रॅपिड फायर’चा, म्हणजे भराभर गोळ्या झाडायचा, हुकूम दिला की दोन-तीन गोळ्यांत रायफल अडायची. पुढची गोळी वर पोचायच्या आतच ती नळीत ढकलणारा बोल्ट मोकळा पुढे जायचा. दुपारी ठाण्यात आणून तपासलं, तर एकही अडेना. डोकं चक्रावून गेलं.

त्यातच निनावी फोन आला. “साहेब, तुमच्या हवालदारानं खऱ्या स्प्रिंगा भंगारात इकल्या. आतल्या नकली हायत.”

शस्त्रागार सांभाळणारे हवालदार पेणकडचे, निवृत्तीला आलेले. वरून दबाव वाढला. त्यांच्या निलंबनाचा प्रस्ताव टंकून माझ्या टेबलावर आला, सही तेवढी बाकी होती. ती केली असती, तर उभ्या नोकरीला डाग लागून माणूस घरी गेला असता.

मी त्यांना समोर बसवून उलटसुलट विचारलं. खोटं बोलणारा दर खेपेला गोष्टीला नवीन शेपूट जोडतो, हा माझा अनुभव. यांचं आपलं एकच पालुपद. “स्प्रिंगला मी हात लावला नाय, साहेब.” माझा विश्वास बसत होता, पण विश्वास काही पुरावा नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीआधी सौभाग्यवतींनी तेलाची बाटली माझ्या हातात दिली. “अहो, ही जरा उन्हात ठेवा. खोबरेल थिजलंय.”

बाटली हातात घेऊन मी बराच वेळ अंगणात उभा राहिलो. धुकं तसंच होतं, उन्हाचा अजून पत्ता नव्हता. मग आंघोळ तशीच टाकून ठाणं गाठलं आणि हवालदारांसमोर एक मॅगझिन उघडलं. आत बोट फिरवलं. पांढरा, मेणचट थर होता आणि घमघमाट खोबरेलाचा. धुकं विरल्यावर मॅगझिन उन्हात ठेवलं, थोड्या वेळाने दाबून सोडली तर स्प्रिंग सुळकन वर आली. थिजलेल्या तेलात ती रखडत होती. सावकाश गोळीबारात तिला वेळ मिळायचा, रॅपिडमध्ये मिळत नव्हता.

“साफसफाई कोण करतं?”

दारात उभी असलेली महिला शिपाई पुढे झाली. ती धरमतर खाडीकाठची, वडील मिठागरात कामाला.

“मी लावलं, साहेब. सरकारी तेल संपलं व्हतं. आमच्याकडं फावड्याला, कोयत्याला खोबरेलच लावतात, नायतर खारी हवा लोखंड खाते. सढळ हातानं लावलं.” मग तिने हळूच विचारलं, “माझी नोकरी जाईल काय?”

मिठागरात दिवसभर ऊन, तिथे तेल थिजणार कधी? मला हसूही आलं आणि तिची कणवही वाटली. मी काही बोलणार, तोच हवालदार म्हणाले, “साहेब, तेल लावायला मीच सांगितलं व्हतं. तसंच लिवा.”

“खरंच सांगितलं होतं?”

“नाय. पन लिवा. माजी नोकरी झाली, हिची व्हायचीय.”

मी खोटं लिहिलं नाही. सरकारी तेल संपलं होतं, हाताशी होतं ते वापरलं, हेतू चांगला होता, असा अहवाल पाठवला. तिचं समज देण्यावर निभावलं. निलंबनाचा कागद मी फाडला. चौकशीत फोन करणारा भंगारवाला निघाला, हवालदारांनी एकदा त्याला चोरीचा माल घेताना पकडलं होतं; रायफली अडल्याची बातमी गावात पसरताच त्याने सूड उगवला. मॅगझिनं पुसून कोरडी केली आणि पुढच्या सकाळी त्याच धुक्यात रायफली न अडता धडधडल्या.

गुन्हा कबूल करून घ्यायचं शिक्षण मला खात्याने भरपूर दिलं. पण स्वतः सुटल्यावर घटकाभरात दुसऱ्याचा दोष मागून घेणाऱ्या माणसासमोर काय करायचं, ते कुणी शिकवलं नव्हतं. त्यांचं ते ‘पन लिवा’ ऐकलं, तेव्हा मी खुर्चीतून उठलो. वरिष्ठ मी होतो, तरी त्या सकाळी सॅल्यूट आधी माझा गेला.