भूतान आणि माझे सोमवार

आमच्या शुक्रवारच्या स्तोत्र मंडळाने भूतानला जायचं ठरवलं, त्याला दोन वर्षं होत आली. देश अजून पाहिला नाही, पण किस्से एवढे साठलेत की बॅगेत कपड्यांना जागा उरायची नाही! त्यातले निम्मे माझ्यामुळेच घडलेत, तेव्हा दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगून टाकते.

*

मंडळात आम्ही चौघी. लीडर शालन. माहेर कराडजवळच्या खेड्यातलं, नवरा फौजेतून रिटायर. भूतान तिनेच शोधला.

"देश लय बारका हाय, वैनी. डोंगर, नद्या, देवळं, समदं जवळजवळ!"

मी विचारलं, "मग एका दिवसात प्रदक्षिणा होईल का गं?"

सगळ्या हसल्या. मी मनापासून विचारलं होतं!

घरी सासूबाईंना सांगितलं. त्या जतकडच्या, सरळ बोलणाऱ्या. म्हणाल्या, "भुतांच्या देशात? हितली काय कमी पडली?"

*

मला ओढ होती ती तिथल्या कड्यावरच्या मठाची. शालनच्या मोबाईलवर फोटो पाहिला आणि जीव तिथेच अडकला. पण गुडघे! डॉक्टर म्हणाले, "डोंगर चढायचा असेल तर मार्चपर्यंत चढून घ्या. नंतर ऑपरेशन."

आजवर जिथे गेले, तिथे कुणाचा ना कुणाचा नवस फेडायलाच गेले. एकदा नुसतं बघायला म्हणून वर जायचं होतं. मार्च हुकला तर गेलंच ते.

*

मग प्रॅक्टिस. औंधला यमाईच्या डोंगरावर गेलो. शालनने नवं घड्याळ बांधलेलं, पावलं मोजणारं.

मी पहिल्या पायरीला हळदीकुंकू लावलं. मग दुसरीला. आता तिसरीने काय पाप केलं? तीही घेतली. अशा सगळ्याच घेतल्या!

मागून शालन ओरडली, "वैनी, माझं घड्याळ इचारतंय, व्यायाम संपला का म्हणून!"

वर पोचलो तेव्हा पुजारी दार लावून जेवायला गेले होते.

*

सांगलीतल्या टूरवाल्याने फॉर्म दिला. 'खाण्यापिण्याची पथ्ये' असा रकाना होता, बोटभर. मी प्रामाणिकपणे लिहायला घेतलं. सोमवार निरंकार, सूर्यास्तानंतर जेवण, त्यात मीठ नाही. गुरुवारी फक्त पिवळं. चतुर्थीला चंद्र बघून. एकादशीला भगर चालेल, साबुदाणा नको. जागा संपली, पुरवणी जोडली.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. "काकू, हा फॉर्म चौघींचा मिळून आहे का?"

"नाही हो, माझा एकटीचा."

पलीकडून पुरवणीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "तिथे चंद्र दिसतो, एवढं नक्की सांगतो."

*

तारखांचं तर विचारूच नका. श्रावण नको, नवरात्र नको, मार्गशीर्षातले गुरुवार नकोत. कॅलेंडर मांडीवर घेऊन बसले की टूरवाला म्हणायचा, "काकू, रिकामा दिवस सापडला तर मलाही कळवा. लग्नाला अजून मुहूर्त मिळेना माझ्या!"

शेवटी मार्चमधला एकच आठवडा चौघींना जमला. आणि बरोबर त्याच सोमवारी माझ्या सोळा सोमवारांचं उद्यापन!

शालन म्हणाली, "उद्यापन म्होरच्या सोमवारी करा की."

मी म्हटलं, "महादेवाला काय सांगू? फ्लाईट आहे म्हणून?"

आमचे हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "सांग की. तोही बर्फातच राहतो."

*

बुकिंगचा शेवटचा दिवस उजाडला. माझ्याने ठरवेना. शेवटी देव्हाऱ्यातल्या देवीला कौल लावला. तिच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवायची. उजवं आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नाही.

हात जोडून बसले. अर्धा तास झाला, तास झाला. दोन्ही फुलं गच्च! शालनचे दोन फोन येऊन गेले. माझे गुडघे तिथेच बोलायला लागले.

सासूबाई काठी टेकत आल्या. "पडलं का गं?"

"नाही आत्या. देवीच्या मनात नाही वाटतं."

 त्यांनी कोपऱ्यातला टेबलफॅन काठीने सरकवला, त्याची मान देव्हाऱ्याकडे वळवली, जरा उजवीकडे केली आणि बटण दाबलं.

"लय उकडतंय बाई," म्हणाल्या.

उजवं फूल टपकन पडलं.

पौषातली सकाळ होती. सासूबाईंच्या अंगात स्वेटर होता, वर शाल, आणि कानाला मफलर.