माझ्या निऱ्या

गेल्या वर्षी न्हाणीच्या उंबऱ्याले पाय अडकून पडले अन् उजवं मनगट मोडलं. पडणं मी कोणावर ढकलत नाही, ते माझंच. पण त्यापुढं जे झालं त्याचा राग अजून उतरला नाही, अन् उतरू नये असंच मले वाटते.

दीड महिन्यानं प्लास्टर कापलं. हात वाळून काडी झालेला, बोटं सुजलेली, मनगट वळेना. हाडाच्या डॉक्टरनं फोटो उजेडात धरला अन् खूश झाला. "हड्डी एकदम बढ़िया जुड़ी है, माताजी."

मी म्हटलं, "पर मुड़ता नहीं."

तर माझा मुलगाच मधात बोलला, "आराम है सर, पहले से बहुत आराम है." मुलगा इथल्या नव्या राजधानीतल्या सरकारी ऑफिसात आहे, तिथं सारा कारभार हिंदीतच. मी मराठीत बोलते, तो हिंदीत उत्तर देते. पण माझ्या हाताचं उत्तरही त्यानंच द्यावं?

डॉक्टरनं रबराचा चेंडू दाबायले सांगितला. वरून म्हणे, "अब इस उम्र में आपको कौन-सा वजन उठाना है?"

तुम्हीच सांगा, हात काय फक्त वजन उचलायले असते?

घरी तर लाडाचा कहर. सून चांगली आहे, तिले मी वाईट म्हणणार नाही. पण कणकेच्या परातीजवळ गेले की, "आई, हात लावू नका." देवाच्या वाती वळायले बसले की, "हात लावू नका, मी दुकानातून आणते." कोमट तेलानं हात चोळून द्यायची अन् वरून शाल पांघरून ठेवायची, जसं काही बाळंतिणीचं पोर. प्रेमानंच करत होती, म्हणून तर मले ओरडताही येत नव्हतं.

अन् सगळ्यात वाईट तो गाऊन. निऱ्या धरता येत नाहीत म्हणून तिनं फुलाफुलाचे दोन गाऊन आणले. घरात चालते. पण लग्नापासून मी साडीशिवाय उंबरा ओलांडला नाही. तात्यापारा मोहल्ल्यातल्या गुरुवारच्या भजनाले गाऊनात जाऊ? नेसवून द्यायले सुनेनं दर वेळी ऑफिसातून सुट्टी घ्यावी? म्हणजे मोडलं मनगट, अन् बंद झालं माझं बाहेर जाणं. चार महिने! पण हाड जुळलं होतं ना, मग विचारते कोण?

शेवटी भजनातली मैत्रीणच घरी आली. तिनं समता कॉलोनीतल्या एका पोट्टीचं सांगितलं, जी फक्त हाताचेच पेशंट पाहते, व्यायाम देऊन हात चालता करते.

पोट्टी इकडच्याच खेड्यातली, अभनपूरकडची. तिच्या दवाखान्यात मुलानं खुर्ची ओढली अन् सुरू, "आराम है..." ती म्हणे, "भैया, आप बाहर बैठिए. हाथ तो दाई का है ना?" दाई म्हणजे त्यांच्या बोलीत आई. मग माझ्याकडे वळून म्हणे, "दाई, बिहनिया उठ के का-का करथस?"

सकाळी उठून काय काय करतेस! इतक्या महिन्यांत हे कोणीच विचारलं नव्हतं. मी सांगायले लागले अन् रडूच फुटलं, रागानं. तिनं सगळं ऐकलं, मनगट किती वळते ते मोजलं अन् म्हणे, "तो कल साड़ी लेकर आना."

मी सुती साडी नेली. तर ही म्हणते, "मुझे खुद नहीं आती. मुझे पहनाओ."

"एवढी डॉक्टरीण झालीस अन् साडी येत नाही? माय काय करत होती वो तुझी?" असं बोलत बोलत मी तिच्या कुर्त्यावरच नेसवायले घेतली. तीनदा निऱ्या सुटल्या. तिनं हात पाठीमागं बांधून ठेवलेले, जरा मदत नाही.

"दुखून राहिलं," मी म्हटलं.

"छोड़ दें?"

"सोडते कशाले!"

निरी घ्यायची तर तळवा उताणा-पालथा करावाच लागते. चेंडूनं जे मनगट हललं नव्हतं, ते त्या दिवशी थोडंसं वळलं. तिले खरंच साडी येत नव्हती की मले बनवलं, हे मले अजून समजलं नाही.

दोन महिने गेले. तिनं सुनेले बोलावून सांगितलं की कणीक दाईलेच मळू द्या, वाती तिलेच वळू द्या. सुनेचं तोंड एवढंसं झालं.

मग सुट्टीच्या एका गुरुवारी मी खोलीचं दार लावून घेतलं. बाहेर मुलगा हॉर्न वाजवून राहिला. सून दाराशी म्हणे, "आई, निऱ्या धरून देऊ का?"

"हात लावू नको!"

भजनात बसले तर शेजारची म्हणे, "काहून वो, निऱ्या अशा वाकड्या?"

"वाकड्या तर वाकड्या," मी म्हटलं, "माझ्या हातच्या आहेत," अन् टाळ उचलले.